प्राथमिक शाळांतील पुरुष शिक्षकांची गणना : पंतोजीपासून आजपर्यंत

प्राथमिक शाळेंतून पुरुष शिक्षक नाहींसा होत चालला आहे, असें आतां वारंवार कानीं येतें. हें म्हणणारा बहुधा दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवीत असतो. एक जुन्या गांवठी शाळेचें : देवळाच्या ओवरींत किंवा कोणा सावकाराच्या ओसरीवर बसलेला पंतोजी आणि त्याच्यापुढें धूळपाटी घेऊन बसलेलीं पंधरावीस मुलें. दुसरें आजच्या शहरांतील शाळेचें, जेथें पहिलीपासून चौथीपर्यंत सर्व वर्गांवर बाईच शिकवितात. दोन्ही चित्रें खरीं आहेत. परंतु त्यांच्या मध्यें दोनशें वर्षांचें अंतर आहे, आणि तें अंतर आंकड्यांनीं भरून काढावयाचें तर ते आंकडे कोणीं, कशासाठीं व कोणत्या रकान्यांत मांडले हें आधीं पाहिलें पाहिजे. जुन्या कागदांशीं ज्यांचा नित्य संबंध आहे अशा वाचकांपुढें हा विषय आम्ही ठेवतों तो याच बाजूनें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जुन्या मोजणींत शिक्षक मोजलाच गेला नाहीं, शाळा मोजली गेली. आणि नव्या मोजणींत, निदान १९५० ते २००० या पन्नास वर्षांत, पुरुष शिक्षकांची संख्या घटलेली नसून केवळ त्यांचें प्रमाण घटलेलें आहे.

प्रथम पेशवाईच्या दप्तराकडे पाहूं. विद्येवर झालेला खर्च त्यांत मुळींच दिसत नाहीं असें नाहीं. श्रावणमासांतील दक्षिणा तर प्रसिद्धच आहे. तळेगांवच्या खंडेराव दाभाड्यांनीं सुरू केलेली ही चाल पुढें पेशव्यांनीं उचलली आणि दूरदूरचे वैदिक व शास्त्री पुण्यास जमूं लागले. इंग्रजी अंमल बसल्यावर एल्फिन्स्टननें या दक्षिणेचा कांहीं भाग चालू ठेविला व १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली. तात्पर्य, वेदशास्त्रसंपन्न अध्यापकाचा धागा कागदांतून धरतां येतो. गांवांतील मुलांस मूळाक्षरें, बाराखडी, पावकी, निमकी व मोडी वळण शिकविणाऱ्या पंतोजीचा धागा मात्र तसा सांपडत नाहीं.

याचें कारण शोधावयास फार लांब जावयास नको. बारा बलुत्यांच्या याद्या गांवोगांव थोड्याफार बदलतात, परंतु नेहमींच्या कोणत्याही यादींत पंतोजीचें नांव नाहीं. जोशी आहे; पण त्याचा हक्क पंचांगाचा व धर्मकृत्यांचा. त्यानें फावल्या वेळांत मुलें शिकविलीं तर तें त्याच्या वतनांत मोडत नसे. पंतोजीस वतन नाहीं, म्हणून सनद नाहीं. सनद नाहीं म्हणून भाऊबंदांचा तंटा नाहीं. तंटा नाहीं म्हणून महजर नाहीं. आपल्या जुन्या कागदांत सामान्य मनुष्य दिसतो तो दोनच कारणांनीं : एक तर त्यास कोणीं कांहीं दिलें म्हणून, किंवा त्याच्याशीं कोणी भांडलें म्हणून. बिचाऱ्या पंतोजीच्या वाट्यास दोन्ही योग क्वचितच आले. दर मुलामागें महिन्यास कांहीं नाणें, धान्याचा शिधा, सणावारीं एखादें वस्त्र, अशी त्याची प्राप्ति असे. ती मुलाच्या घरून परस्पर त्याच्या घरीं जाई आणि गांवखर्चाच्या हिशेबास तिचा स्पर्शही होत नसे. म्हणून १८१८ पूर्वीं महाराष्ट्रांत पंतोजी किती होते याचा नक्की आंकडा कोणी सांगूं लागल्यास, तो कोणत्या कागदावरून काढला हें त्यास अवश्य विचारावें.

पहिली मोठी मोजणी झाली ती मद्रास इलाख्यांत. गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनीं २५ जून १८२२ रोजीं तिचा हुकूम दिला. कलेक्टरांचीं उत्तरें येण्यास तीनचार वर्षें लागलीं, आणि मार्च १८२६ मध्यें मन्रोनें त्यांचा गोषवारा लिहिला. लोकसंख्या १,२८,५०,९४१, शाळा १२,४९८, विद्यार्थी १,८८,६५०, पैकीं मुलगे १,८४,११० व मुली ४,५४०. कलेक्टरांकडे जो तक्ता पाठविला होता त्याचे रकाने पाहण्यासारखे आहेत. शाळा, मग ब्राह्मण, वैश्य, शूद्र, इतर जाती व मुसलमान असे विद्यार्थी, प्रत्येकांत मुलगे व मुली निराळ्या, आणि शेवटीं लोकसंख्या. साडेचार हजार मुलींसाठीं रकाना आहे, पण शिक्षकांसाठीं नाहीं! मन्रोस शिक्षकाचा विसर पडला होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. त्याची कमाई महिना सहा-सात रुपयांहून अधिक नसते व तेवढ्यावर लायक माणूस या धंद्यांत यावयाचा नाहीं, असें त्यानेंच नमूद करून ठेविलें आहे. सरकारी शाळांसाठीं त्यानें सुचविलेला पगार कलेक्टोरेटच्या ठिकाणीं १५ व तहशिलीच्या ठिकाणीं ९ रुपये होता. म्हणजे शिक्षकाची किंमत झाली, मोजणी झाली नाहीं.

मुंबई इलाख्यांत १८२४ पासून अशीच चौकशी चालली. १८२९ च्या गोषवाऱ्याप्रमाणें लोकसंख्या ४६,८१,७३५ व शाळा १,७०५. यांपैकीं सरकारी अवघ्या २५; उरलेल्या १,६८० गांवठी. विद्यार्थी सुमारें पसतीस हजार, म्हणजे शाळेमागें सरासरी वीस-एकवीस मुलें. मद्रासेंत ही सरासरी पंधरा पडते.

आतां या शाळांवरून पुरुष शिक्षक किती होते हें काढतां येईल काय? आमच्या मतें येईल, परंतु जपून. त्या काळची गांवठी शाळा म्हणजे इमारत नव्हे, तो एक माणूस होता. पंतोजी गांव सोडून गेला किंवा वारला कीं शाळा उठली. हाताखालीं पगारी दुय्यम ठेवण्याची चाल नव्हती. वडील मुलें धाकट्यांकडून घोकून घेत व वळण गिरवून घेत. डॉ. अँड्र्यू बेल यानें मद्रासेस पाहून विलायतेंत नेलेली व तेथें ‘मद्रास पद्धति’ म्हणून गाजलेली रीत ती हीच. तेव्हां एक शाळा म्हणजे एक शिक्षक, आणि तो पुरुष, असें समीकरण सामान्यतः मांडतां येतें. त्या हिशेबानें मद्रासेंत दर १,०२८ माणसांमागें एक पंतोजी पडतो आणि मुंबई इलाख्यांत दर २,७८६ माणसांमागें एक.

हें अंतर पावणेतीन पटींचें आहे व तें स्वस्थ बसूं देत नाहीं. मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलांतील एक सभासद प्रेंडरगास्ट यानें १८२१ सालीं लिहून ठेविलें होतें कीं, लहानमोठें असें क्वचितच एखादें गांव असेल जेथें निदान एक शाळा नाहीं. त्याच इलाख्याचा आठ वर्षांनंतरचा आंकडा १,७०५! दोन्ही एकाच वेळीं अक्षरशः खरीं असूं शकत नाहींत. महात्मा गांधींनीं २० ऑक्टोबर १९३१ रोजीं लंडन येथील व्याख्यानांत, इंग्रजी अमलांत हिंदुस्थान पूर्वींपेक्षां अधिक निरक्षर झाला असें विधान केलें. सर फिलिप हार्टोग यांनीं त्यास पुरावा मागितला आणि वाद पेटला. हार्टोग यांनीं जुने आंकडे फुगविलेले ठरविले, आपल्याकडील रा. वि. परुळेकर यांनीं मूळ कागद तपासून ते उलट तोकडे आहेत, घरोघर चालणारें शिक्षण त्यांत धरलेलेंच नाहीं, असें दाखविलें. आमचा कल परुळेकरांकडे आहे. मात्र त्यांच्या कारणांत शिक्षकाच्या बाजूनें आम्ही एक भर घालूं. सुगीच्या दिवसांत शाळा बंद असे. गांवचा कुलकर्णी किंवा जोशी दिवसांतून दोन घटका मुलें घेऊन बसे तर त्यास कोणी पंतोजी म्हणत नसे, आणि तो स्वतःही म्हणवून घेत नसे. कलेक्टरचा कारकून गांवीं आला त्या दिवशीं ओसरीवर मुलें नसलीं कीं त्या गांवीं शाळा नाहीं, म्हणजेच शिक्षक नाहीं. दुसऱ्या पक्षाचेंही थोडें ऐकलें पाहिजे. देशावर १८०३-०४ चा दुष्काळ व त्या सुमाराच्या लढाया यांनीं गांवेंच्या गांवें उठलीं होतीं. तेथें पंतोजी टिकला असेल हें संभवत नाहीं. पावणेतीन पटींचें अंतर सगळेंच कारकुनाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

या सर्वांत शहाणी चौकशी विल्यम अॅडम याची. बंगाल व बिहार मिळून एक लाख शाळा असाव्या, हा त्याचा १८३५ चा अंदाज सर्वतोमुखीं झाला, व त्यावरूनच त्यास दोषही देण्यांत आला. परंतु पुढें कांहीं जिल्ह्यांत त्यानें जी प्रत्यक्ष पाहणी केली तींत शिक्षकांची जात, वय व प्राप्ति हीं वेगळीं नोंदविलीं, आणि बंगाल्यांत हा धंदा मुख्यत्वें कायस्थांच्या हातीं होता हें त्यामुळेंच आज कळतें. असा एखादा अॅडम महाराष्ट्रास लाभला असता तर आमचें निम्में काम झालें असतें.

येथें शब्दांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण मोजणारा शब्दावर अवलंबून असतो. संस्कृत वैयाकरणांनीं जी स्त्री स्वतः शिकविते ती आचार्या व आचार्याची पत्नी ती आचार्यानी, असा भेद स्पष्ट ठेविला आहे. म्हणजे शिकविणाऱ्या स्त्रीसाठीं भाषेंत जागा होती. मराठींत ‘पंतोजी’ या शब्दास स्त्रीलिंगच नाहीं. पुढें आलेल्या ‘मास्तर’ शब्दाचें ‘मास्तरीण’ झालें, पण तो शब्द मास्तराच्या बायकोसही लागे व शिकविणाऱ्या बाईसही. १८८० किंवा १९०० च्या सुमाराच्या खाजगी पत्रांत ‘मास्तरीणबाई’ आढळल्यास प्रकरण पाहिल्यावांचून ती शिक्षिका समजूं नये, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

शिक्षक नांवानिशीं सरकारी कागदांत येतो तो १८२६ पासून. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं मुंबईंत तयार झालेले २४ शिक्षक त्या सालीं मराठी व गुजराथी मुलखांत शाळा काढण्यास धाडले गेले. सुरतेचे दुर्गाराम मेहताजी हे त्यांतलेच. यांचा पगार सरकारांतून निघे, म्हणून यांची गणति होऊं शकली. १८५४ चा वुडचा खलिता व १८५५ मधील शिक्षणखात्याची स्थापना यानंतर तर शिक्षकाचा हुद्दा, दर्जा व पगार छापील अहवालांत दरसाल येऊं लागला. गांवठी पंतोजी मात्र बाहेरच राहिला. सरकारी शाळा वाढत गेल्या तसा तो हळूहळू त्या शाळांत सामावला किंवा मोडला. स्त्रियांचा प्रवेश याच काळांतला. सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास भिडेवाड्यांतील मुलींच्या शाळेंत अध्यापन आरंभिलें, आणि १८७० सालीं पुण्यास स्त्रियांसाठीं अध्यापनशाळा निघाली. तथापि परगांवीं एकटीनें राहून नोकरी करणें त्या काळच्या स्त्रीस जवळजवळ अशक्य होतें, व प्राथमिक शाळांचा विस्तार मुख्यतः खेड्यांत झाला. त्यामुळें शंभर वर्षें प्रमाण फारसें हललें नाहीं.

आतां स्वतंत्र हिंदुस्थानचे आंकडे घेऊं. ते केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे असून हजारांत दिलेले आहेत. १९५०-५१ सालीं प्राथमिक शाळांत पुरुष शिक्षक ४,५६,००० व स्त्रिया ८२,००० होत्या. १९६०-६१ मध्यें पुरुष ६,१५,००० व स्त्रिया १,२७,०००. १९७०-७१ मध्यें अनुक्रमें ८,३५,००० व २,२५,०००. १९८०-८१ मध्यें १०,२१,००० व ३,४२,०००. १९९०-९१ मध्यें ११,४३,००० व ४,७३,०००. २०००-०१ मध्यें १२,२१,००० व ६,७५,०००.

केवळ प्रमाण पाहणारा म्हणेल कीं पुरुष शेंकडा ८५ होते ते ६४ वर आले. तें खरेंच आहे. पण त्याच पन्नास वर्षांत पुरुषांची संख्या साडेसात लाखांनीं वाढून जवळजवळ २.७ पट झाली. स्त्रिया आठ पटींहून थोड्या अधिक झाल्या. कोणत्याही दशकांत पुरुष कमी झाले नाहींत. खरी गोष्ट दशकागणिक भर पाहिल्यावर उघड होते. पहिल्या दशकांत पुरुषांची भर १,५९,००० व स्त्रियांची ४५,०००. दुसऱ्यांत पुरुषांची २,२०,००० व स्त्रियांची ९८,०००. पुरुषभरतीचा कळस तो हा. तिसऱ्यांत १,८६,००० व १,१७,०००. चौथ्यांत, म्हणजे १९८१ ते १९९१ या काळांत, पुरुषांची भर १,२२,००० वर उतरली व स्त्रियांची १,३१,००० झाली. तराजू फिरला तो या दशकांत. पांचव्यांत पुरुषांची भर अवघी ७८,००० व स्त्रियांची २,०२,०००. म्हणून कोणी विचारील कीं प्राथमिक शाळेंतील पुरुषाची पीछेहाट केव्हां झाली, तर त्यास उत्तर द्यावें कीं पीछेहाट नव्हे, त्याची नवी भरती ओसरली, आणि ती १९७१ पासून उतरत जाऊन १९८१ नंतर स्त्रियांच्या भरतीखालीं गेली.

कारणें अनेक आहेत. माध्यमिक शिक्षण घेतलेल्या मुली पुरेशा संख्येनें मिळूं लागल्या हें पहिलें. दुसरें, एकशिक्षकी शाळा. जेथें सबंध शाळेस एकच शिक्षक, तेथें दूरच्या वाडीवर बहुधा पुरुषच नेमला जाई. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ सालीं जी खडू-फळा योजना निघाली, तिनें प्रत्येक शाळेस निदान दोन शिक्षक व त्यांत शक्यतों एक स्त्री असा नियम घातला. पंतोजीच्या काळापासून चालत आलेलें ‘एक शाळा, एक पुरुष’ हें समीकरण सरकारी हुकुमानें मोडलें तें येथें. पुरुषांनीं हा धंदा कमी दर्जाचा मानून टाकला, असें एक तिसरें कारण देण्यांत येतें. तें आम्हांस सरसकट पटत नाहीं. खेड्यांतील तरुणास प्राथमिक शिक्षकाची कायम नोकरी ही पुष्कळ काळ भाग्याचीच वाटे.

हे आंकडे वाचतांना एक सावधगिरी अवश्य ठेवावी. येथें ‘प्राथमिक शिक्षक’ म्हणजे प्राथमिक शाळेंत असलेला शिक्षक. तीच शाळा सातवीपर्यंत वाढली कीं तिचे सर्व शिक्षक, पहिलीस शिकविणारे सुद्धां, वरच्या प्राथमिक शाळांच्या रकान्यांत जातात. माणूस त्याच खुर्चीवर बसलेला असतो, आंकडा मात्र दुसऱ्या पानावर गेलेला असतो. याच कारणानें २०२४-२५ चा जो आंकडा सध्यां सर्वत्र सांगितला जातो, कीं देशांतील शिक्षक एक कोटीवर गेले व त्यांत स्त्रिया शेंकडा ५४.२ आहेत, तो वरील मालिकेस जोडतां येत नाहीं. तो सर्व इयत्तांच्या शिक्षकांचा आहे.

इतर देशांत हाच क्रम दिसतो, वेग निराळा. युनेस्कोच्या गणनेप्रमाणें जगांतील प्राथमिक शिक्षकांत स्त्रिया १९९० सालीं शेंकडा ५६ होत्या, त्या २०१७ च्या सुमारास ६६ झाल्या. परंतु सहारेच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत २०२० च्या सुमारासही पुरुष अर्ध्याहून थोडे अधिकच होते. तेथेंही खेड्यांतील लहान शाळांचा भार मुख्यतः पुरुषावर पडतो.

राहतां राहिला कागदांचा प्रश्न, आणि आमच्या वाचकांशीं त्याचाच संबंध अधिक. शाळेंतील जनरल रजिस्टर हें कायमचें दप्तर. विद्यार्थ्याची जन्मतारीख व जात सिद्ध करण्यास तें लागतें, म्हणून तें जपलें जातें. २०२३ मध्यें कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हां महसुली कागदांबरोबर शाळांचीं हीं रजिस्टरें काढून धुंडाळण्यांत आलीं, आणि मोडी वाचणाऱ्यांस एकाएकीं भाव आला. शिक्षकांचीं हजेरीपत्रकें व पगारपत्रकें मात्र मुदतीचे कागद. मुदत भरली कीं रद्दींत जातात. मुलाचें नांव राहतें, त्यास शिकविणाऱ्याचें जातें. १८२२ च्या तक्त्यांत नसलेला रकाना आजही तसाच रिकामा राहत आहे.

तो थोडाफार भरावयाचा तर पुढील कागदांवर लक्ष ठेवावें. घराण्याच्या खर्चाच्या वह्यांत ‘पंतोजीस’ किंवा ‘मुलांचे शिकवणीबद्दल’ अशा मजकुराची किरकोळ रक्कम असते. सावकारी रोजकीर्दींत ती विशेषतः सांपडावी. अशा नोंदींतील रकमेपेक्षां तिथि महत्त्वाची, कारण कोणत्या महिन्यांत रक्कम नाहीं यावरून शाळा केव्हां बंद असे हें कळतें. मोडी कित्त्यांचे सुटे बंद व उजळणीच्या वह्या यांस ग्रंथमूल्य नाहीं म्हणून संग्राहक त्या बाजूस टाकतात. असे बंद टाकण्यापूर्वीं शेवटचें पान उलटून पाहावें. लिहविणाराचें नांव किंवा हस्ताक्षर असल्यास तें त्याच ठिकाणीं असावयाचें. इंग्रजी अमलांतील शाळांचीं शेरेबुकें, ज्यांत तपासणीस आलेल्या डेप्युटीचा शेरा व हजर शिक्षकांचीं नांवें असतात, तीं बंद पडलेल्या शाळांच्या पेट्यांतून अद्यापि निघूं शकतील. १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या तेव्हां स्कूल बोर्डांचें दप्तर त्यांच्याकडे गेलें, व तेथील तळघरांत काय उरलें आहे हें पाहण्यास फारसें कोणी गेलेलें नाहीं. असा एखादा रुमाल हातीं आल्यास त्यावरील गांव, साल व शिक्षकाचें नांव एवढी तरी नक्कल उतरून मंडळाकडे पाठवावी; मूळ कागद मालकाकडेच राहूं द्यावा.